घासलेला कॅम आणि समंतभद्रांचा घट

वरसाव्याच्या नाक्यावर इंजिनाकडून एकाच वेळी वेगवेगळ्या गोष्टींची मागणी होते. खाडीवरचा पूल ओलांडला की मुंबई-अहमदाबाद महामार्ग समोर मोकळा पसरतो, तिथे गाडीनं चढ्या फेऱ्यांवर पळावं असं वाटतं. ठाण्याकडे वळलं तर घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा घाट लागतो. तिथे ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना कमी फेऱ्यांवरची ओढ लागते. पुलाच्या तोंडाशी कोंडी झाली, आणि ती होतेच, तर इंजिन झटके न देता एका लयीत चालू राहावं एवढंच हवं असतं. या भागात कुणी जुनी प्रीमिअर पद्मिनी बांधायला काढली आणि ‘जरा तिखट’ कॅमशाफ्ट टाकायचं मनावर घेतलं, तर त्याला आधी हे ठरवावं लागतं की गाडी कोणत्या रस्त्याची करायची. तिन्ही मागण्या पुरवणारा एक कॅम नसतो.

तो का नसतो, हे इंजिन उघडल्यावर कळतं. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच असतो. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, टॅपेट उचलतात, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला ढकलतो. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. लोब किती उंच, यावर व्हॉल्व्ह किती उघडणार ते ठरतं. लोबची पाठ किती रुंद, यावर तो किती वेळ उघडा राहणार ते ठरतं. हा वेळ अंशांत मोजतात. रेसिंगच्या धाटणीचा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. पिस्टन वर निघालेला असतो, तरी व्हॉल्व्ह उघडाच. फेऱ्या चढलेल्या असतील तर आत घुसणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला इतका वेग असतो की ते पिस्टनला न जुमानता आत येतच राहतं, सिलिंडर जास्त भरतो, ताकद वाढते. फेऱ्या कमी असतील तर तेच मिश्रण उलट बाहेर ढकललं जातं. मग गाडी आयडलिंगला थरथरते, घाटात झोपते. वरची ताकद अशी खालून काढून दिलेली असते.

शिवाय नुसता कॅम बदलून भागत नाही. कॉम्प्रेशन वाढवावं लागतं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक लागतात, कार्ब्युरेटरचे जेट बदलतात. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडणार नाही ना, हे पाहण्यासाठी पिस्टनवर मऊ माती लावून, हेड बसवून, क्रँक हातानं फिरवतात आणि हेड पुन्हा उतरवून मातीतला ठसा मोजतात. पहिल्यांदा इंजिन चालू केलं की सुमारे वीस मिनिटं, मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर ठेवतात, म्हणजे लोब आणि टॅपेट एकमेकांना बसतात. एका भागाच्या निमित्तानं सगळं घर हलतं.

इथून प्रश्न मेकॅनिकच्या हातातून सुटतो. एवढं बदलल्यावर ती पद्मिनी तीच राहिली का?

भारतात हा प्रश्न रथावरून विचारला गेला आहे, तोही दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भिक्षू नागसेनांना भेटायला रथातून येतो. नागसेन त्याला विचारतात, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग भागांना धरून आपण दिलेलं एक व्यवहाराचं नाव म्हणजे रथ, यापलीकडे रथ सापडत नाही. नैयायिकांना आणि वैशेषिकांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांच्या मते भागांहून वेगळा, भागांत राहणारा अवयवी खरोखर असतो. पण मग त्यांना त्याची किंमतही मोजावी लागली: वस्त्रातला एक धागा निघाला तरी जुनं वस्त्र नष्ट झालं आणि खंडपट नावाचं नवं वस्त्र जन्मलं, असं मानावं लागतं. या हिशेबानं प्लग बदलला तरी गाडी नवी. ज्यांनी आयुष्यभर एकच गाडी सांभाळली त्यांना हे पटणं अवघड आहे, आणि नुसतं नाव म्हणून ती सोडून देणं त्याहून अवघड.

तिसरं उत्तर जैनांचं. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये करणारे वालचंद हिराचंद सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातले होते, हा योगायोगच. पण उत्तर या गाडीला चपखल लागू पडतं. वस्तू उपजते, नाश पावते आणि टिकते, हे तिन्ही एकाच वेळी, असं तत्त्वार्थसूत्र मानतं. दिगंबर आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत त्याचा दाखला दिला आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला. ज्याला घट हवा होता तो दुःखी, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदी, ज्याला सोनं हवं होतं त्याला ना दुःख ना आनंद.

हा घट लेथवाल्याच्या दुकानात रोज मोडला जातो. परफॉर्मन्स कॅम नेहमी नवा विकत घेतात असं नाही. पुष्कळदा जुनाच कॅम ग्राइंडिंगला देतात. लोबची टाच, म्हणजे गोल भाग, घासून बारीक केली की टोक तुलनेनं उंच ठरतं आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतो, म्हणजे लिफ्ट वाढते. बगला घासून व्हॉल्व्ह उघडण्याचा वेळ बदलतात. टाच बारीक झाल्यानं पडलेली फट टॅपेटच्या स्क्रूनं किंवा लांब पुशरॉडनं भरून काढतात. जास्त घासलं तर वरचा कडक थर संपतो आणि कॅम लवकर झिजतो. लोखंड तेच, जागा तीच, नवं काहीही बसवलेलं नाही, आणि इंजिनाचा स्वभाव पार पालटलेला. उलट झिजलेला कॅम काढून मूळ मापाचा कोरा कॅम बसवला तर धातू सगळा परका, आणि चाल हुबेहूब पहिली.

या दोहोंत मूळ गाडी कोणती? समंतभद्रांच्या तिसऱ्या माणसासारखं तटस्थ राहणं इथे जमत नाही. सोनं सोनं म्हणून हवं असतं; कॅमचं लोखंड लोखंड म्हणून कुणालाच नको असतं. खंडेनवमीला गॅरेजात पाने, पकड, जॅक मांडून त्यांना झेंडू वाहतात, ते ती हत्यारं काम करतात म्हणून. यंत्र म्हणजे त्याचं काम, असं मानलं तर कोऱ्या कॅमची पद्मिनी जुनीच आहे आणि घासलेल्या कॅमची वेगळी, मग इंजिन नंबर काहीही सांगो.

कायदा याकडे वेगळ्या बाजूनं येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली खासगी गाडी त्यात बसते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आता कुठे या उंबरठ्यावर आल्या आहेत. बोअर वाढवला तर सीसी बदलतात आणि ते नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहता येतं. कॅमच्या अंशांना मात्र त्या कागदावर रकाना नाही, आणि ब्लॉकच्या पोटातला लोब बाहेरून कुणाला दिसत नाही.

धातूलाही एक हक्क आहे, तो साक्षीदाराचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडीसोबत आलेल्या कॅमवर त्या काळचं माप कोरलेलं असतं, आणि एकदा घासलं की ते परत मिळत नाही. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. ही मापं जिवंत ठेवणारी इंजिनं आता मोजकी होत जाणार. म्हणून ज्याला महामार्गाची धाव हवीच आहे त्यानं मोडीत गेलेल्या इंजिनाचा कॅम मिळवून तो घासायला द्यावा, आणि स्वतःच्या गाडीचा मूळ कॅम तेल लावून, कागदात गुंडाळून, उभा ठेवावा. आडवा टाकला तर तो वाकू शकतो. घासलेल्या कॅमची लिफ्ट, अंश, टॅपेटची नवी फट आणि ग्राइंडिंगची तारीख गाडीच्या कागदांत लिहून ठेवावी, आणि गाडी विकताना तो कागद व तो कॅम दोन्ही घेणाऱ्याच्या हातात द्यावेत.