कान कुणाच्या मालकीचा?

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन दिवस कसा पेटला होता, ते तुम्हाला आठवत असेलच. एरवी पॉटलकला मसालेभात कोण आणणार यापलीकडे न जाणारी आपली मंडळी एका रात्रीत भौगोलिक मानांकनाची जाणकार झाली! कोल्हापुरीला ते मानांकन २०१९ मध्येच मिळालं होतं. पुढे प्राडाने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं, आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून चपला बनवून घेण्याचा करारही झाला. आपला राग योग्यच होता. पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरलेलं ज्ञान कुणी उचललं, तर त्याने निदान नाव घ्यावं आणि मोबदला द्यावा, ही अपेक्षा काही फार नाही.

त्या दोन दिवसांत मला मात्र सारखं वाटत होतं, की हाच प्रश्न आपल्यातले बरेच जण जिथे नोकरी करतात त्या कारखान्यांत रोज उभा राहतो, आणि तिथे कुणीच पेटत नाही.

मी आयटी कन्सल्टंट. पुण्यात इंजिनिअरिंग, इंग्लंडमध्ये मास्टर्स, आणि त्यानंतरची बरीचशी वर्षं इथे, सौदीच्या पूर्व प्रांतात. १९७५ मध्ये रॉयल कमिशन स्थापन झालं तेव्हा जुबैल हे मासेमारीचं छोटं गाव होतं. आज तिथे रात्री गाडीने गेलात तर डोळे दिपतील इतके दिवे आणि चिमण्या. २०१६ साली ‘व्हिजन २०३०’ जाहीर झाल्यापासून या सगळ्या कारखान्यांना ‘स्मार्ट’ व्हायचं आहे. आरामकोच्या उस्मानिया गॅस प्लँटचं नाव २०१९ मध्ये वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या आदर्श कारखान्यांच्या यादीत झळकलं, आणि मग प्रत्येक मुदीरला आपलाही प्लँट तसाच हवासा वाटू लागला. ‘चौथी औद्योगिक क्रांती’ हे शब्द कानावर पडले की खुशाल समजावं, आता पन्नास स्लाइड्सचं प्रेझेंटेशन येणार. त्यातली काही मीच केलेली असतात.

या सगळ्यातलं माझं काम म्हणजे यंत्र बिघडण्याआधी बिघाडाची चाहूल देणारी सिस्टिम बसवणं. पंपावर सेन्सर लावायचा, तो थरथर मोजतो. बेअरिंगमधल्या गोळ्या किती, त्यांचा आकार केवढा, शाफ्ट किती वेगाने फिरतो, यावरून बिघाडाची ठराविक कंपनं गणिताने काढता येतात. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्ष प्लँटमध्ये शेजारचा कॉम्प्रेसर, पाइपातला दाब, सैल झालेला फाउंडेशन बोल्ट, सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. संगणकाला आकड्यांचा डोंगर मिळतो, पण त्यातली कुठली थरथर कशाची, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ‘हे बेअरिंग गेलंय’, ‘इथे पंपात बुडबुडे धरताहेत’, ‘हे काही नाही, उन्हाळ्यात असंच वाजतं’. आमच्या भाषेत याला लेबल लावणं म्हणतात. हजारो नोंदींना अशी लेबलं लागली, की मग यंत्र शिकतं.

ही लेबलं लावतं कोण? एका कारखान्यात ती लावली मिरजेच्या एका काकांनी. आयटीआय झालेले फिटर, सौदीत पंचवीस वर्षं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि अर्ध्या मिनिटात निदान सांगायचं. मिरजेच्या माणसाचा कान तयार असणारच, असं आपण गमतीने म्हणू. तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर त्याच गावचे. पण काकांचा कान गाण्यावर तयार झालेला नव्हता. तो पन्नास अंशांच्या उन्हात, शटडाऊनच्या रात्रपाळ्यांत तयार झाला होता. आमची टीम सहा आठवडे त्यांच्याजवळ बसून विचारत राहिली, ते सांगत राहिले. सिस्टिम उत्तम चालली. यंदा काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढे वाढवलं गेलं नाही. वय झालं हे एक कारण, आणि दुसरं, सिस्टिम आता स्थिरावली आहे.

सौदी कायद्याप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांचा अर्धा-अर्धा महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा एकेक महिन्याचा पगार मिळतो. पंचवीस वर्षांचे झाले साडेबावीस महिने. हिशेब चोख आहे, पैसेही वेळेवर मिळाले. त्या हिशेबात वर्षं मोजली जातात. कान मोजायला त्यात रकानाच नाही.

माझा एक सहकारी म्हणतो, यात रडण्यासारखं काय आहे? कान तयार झाला तो कंपनीच्या पंपावर, कंपनीच्या पगारावर. शिकताना दोन-चार बेअरिंग वाया गेली असतील, ती कंपनीचीच. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि नवाही नाही. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक लिहिलं, त्यात व्यवस्थापनाचं पहिलं काम हेच सांगितलं, की कामगारांकडे परंपरेने असलेलं ज्ञान गोळा करायचं आणि त्याचे नियम बनवायचे. टेलरच्या हातात स्टॉपवॉच होतं, माझ्या हातात सेन्सर आहे. पण स्टॉपवॉचला हाताची हालचालच टिपता येत होती. ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं, ते त्याच्या आवाक्याबाहेर राहिलं. पगार हा कामाचा मोबदला; काम संपलं की तो संपतो. इथे काका निघून गेल्यावरही त्यांचं निदान रोज चोवीस तास कामावर हजर आहे. म्हणून पगार दिला म्हणजे फिटंफाट झाली, हे मला पटत नाही.

मग काय, ज्ञान दडवून ठेवायचं? आपल्याकडे तेही भरपूर झालं. खास चीज मुलालाच द्यायची, शिष्याला नाही, असे उस्ताद झाले आणि त्यांच्याबरोबर त्या चिजाही गेल्या. शिवाय पंपाचं सील फुटून ज्वलनशील द्रव बाहेर आला तर आग लागते, आणि पहाटे तीन वाजता तिथे काकांचा कान नसतो, सेन्सर असतो. त्या पाळीवर कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मुलगा असतो. ज्ञान द्यायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काकांनी ते यंत्राआधी एका तरुण सौदी इंजिनिअरला दिलं होतं. पोरगा त्यांना ‘या अम्मी’ म्हणायचा. अरबीत अम्मी म्हणजे माझे काका, पण पहिले काही दिवस आमच्या काकांना भलताच संकोच वाटत होता! त्याच्या देशातल्या नोकरीवर पहिला हक्क त्याचा, हे आपण परदेशात राहणाऱ्यांनी कुरकुर न करता मानावं. सांगायचं ते वेगळंच. तो पोरगा आजही काकांना ईदला फोन करतो. शिष्य ज्ञान घेतो तेव्हा ऋणही घेतो. मॉडेल ज्ञान घेतं, ऋण घेत नाही. मग ते ऋण कुणाच्या नावावर टाकायचं? मला तरी एकच उत्तर दिसतं: मॉडेलमुळे ज्याचा पैसा वाचतो त्याच्या. त्यात कारखाना आला, आणि आम्ही कन्सल्टंटही आलो.

अडचण वाटपाची आहे. त्या सिस्टिममध्ये काकांच्या लेबलांबरोबर जुन्या वह्यांमधल्या नोंदीही गेल्या आहेत: मल्याळी, फिलिपिनो, पाकिस्तानी फिटरांच्या, काही नुसत्या सहीपुरत्या उरलेल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे एका कारागिराचा हक्क ठरवावा लागला नाही, गावाचा ठरला. फिटरांना असं गाव नाही. त्यांचा पत्ता म्हणजे इकामा, आणि फायनल एक्झिटबरोबर तोही संपतो.

मी सध्या एवढंच करतो, की प्रस्तावात ‘तज्ज्ञ कामगारांचा वेळ’ अशी वेगळी ओळ घालतो: इतके दिवस, इतके रियाल, पगाराव्यतिरिक्त, थेट त्या माणसाला, आणि नोंदीत त्याचं नाव. दोन ठिकाणी ती मान्य झाली. एका ठिकाणी खरेदी विभागाने खोडली. पगार आम्ही देतोच की, असं उत्तर आलं.

काकांना निघण्याआधी मी सरळ विचारलं, की तुमच्या कानाचे किती पैसे व्हायला हवे होते? ते म्हणाले, “पैशाचं र्‍हाऊ द्या हो साहेब. उद्या नवे पंप येतील, आवाज बदलंल. तवा तुमचं मशिन चुकलं तर त्येला सांगणार कोण?” प्रश्न तांत्रिकदृष्ट्याही बिनतोड आहे, कारण यंत्रं बदलली की जुनी लेबलं खरोखरच शिळी होतात. पुढच्या प्रस्तावात मी त्याचं एक कलम केलं आहे: निवृत्त होऊन घरी गेलेल्या फिटरला वर्षातून दोनदा व्हिडिओ कॉलवर बोलवायचं, सिस्टिमच्या चुका ऐकवायच्या आणि दिवसाप्रमाणे पैसे द्यायचे. कारखान्याचं उत्तर अजून यायचं आहे.