जिभेची साक्ष

खोटं बोलण्याचा सर्वांत सभ्य प्रकार म्हणजे ‘वा, काय चव आहे!’ असं म्हणणं. व्याह्यांच्या घरी, साहेबांकडच्या चहाला, लग्नाच्या पंगतीत आपण सारेच ते बोलतो. त्यात पाप किती आणि रीत किती, हा प्रश्न मला एका फ्रेंच बाटलीने घातला.

बाटली शाब्लीची. शाब्ली हे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातलं गाव. तिथे शार्दोने नावाच्या द्राक्षांची ही पांढरी वाइन होते. (पांढरी म्हणजे फिकट पिवळी. नावावर जाऊ नये, हा पहिला धडा.) भाचा ती घेऊन धामणगावला उतरला आणि यवतमाळला आला, हे बरं झालं. तसाच गाडीत बसून राहता, तर नदीपलीकडे वर्धा जिल्हा, आणि तिथे 1975 पासून दारूबंदी. अलीकडच्या काठावर परदेशी भेट, पलीकडच्या काठावर मुद्देमाल! आतला द्रव तोच.

“मामा, आधी रंग बघा, मग वास घ्या, मग घोट तोंडात फिरवा,” भाच्याने सांगितलं. “हिरवं सफरचंद, लिंबू आणि ओला दगड लागतोय ना?”

दगड! आम्ही सगळे एकसुरात ‘वा!’ म्हणालो. शेजारचे कापसाचे अडते तेवढे म्हणाले, “हे तं निरं आंबट लागून राह्यलं ना भाऊ!” महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, तिच्यावर मत द्यायला लागत नाही.

बरं, जाणकारांचं तरी काय? 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना बाटल्यांची नावं झाकून वाइन चाखायला दिल्या, तर पांढऱ्यांत त्यांनी पहिला नंबर कॅलिफोर्नियाला दिला. पुढे बोर्दोच्या वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. तो निष्कर्ष 2001 साली छापून आला. म्हणजे जीभ साक्ष देते, पण डोळ्यांनी पढवलेली.

मग सगळी चव थोतांडच का? तसंही नाही. आमच्या घरी पाटोडीचा तर्रीदार रस्सा होता. त्यावर शाब्लीचा घोट घेतला आणि कानातून वाफ निघाली. मद्यार्काने तिखटाची आग भडकते. इथे जिभेला कुणी पढवायची गरज पडली नाही. मग आला गोळाभात, वरून कडकडीत तेलाची फोडणी. त्यावर तोच घोट, आणि तेलाचा ओशटपणा साफ! आम्ही गोळाभातावर लिंबू पिळतो, फ्रान्सात कालवांबरोबर शाब्ली पितात. कारण एकच: आंबट. मुख्य म्हणजे, पुढच्या घोटाला मलाही ओला दगड लागला!

आता हा दगड माझा की भाच्याचा?

उत्तर त्या अडत्यांच्या बोटांत आहे. चिमूटभर रुई ओढून ते धाग्याची लांबी सांगतात. ‘आखूड’, ‘लांब’ हे शब्द त्यांनाही कुणीतरी शिकवले. पण प्रत्येक वेळी बोटं ते रुईत तपासून बघतात. उसना शब्द घेऊन चव शोधली, तर ते शिक्षण. न शोधताच शब्द उच्चारला, तर तेवढं मात्र खोटं. जीभ पढवलेली असायला हरकत नाही. ती साक्षीच्या वेळी घटनास्थळी हजर हवी.

ही हजेरी घरच्या ताटाला तर हवीच हवी. परक्या बाटलीत आपण सफरचंद, लिंबू, दगड धुंडाळतो आणि गोळाभाताला एक शब्द देतो: ‘ठीक’. वाढणारीही म्हणते, “साधाच आहे हो.” भरडा किती जाड, हिंग कितपत, फोडणी तापली किती, हे कोण चाखतं? ते चाखून, शोधून, मग कुणी ‘वा’ म्हणालं, तर ती खरी साक्ष. आणि ‘मीठ कमी आहे’ म्हणालं, तर तीही.