आधी दोरी सोडायची



आज कऱ्हाडच्या सखूची कथा वाचली. वारीला निघालेल्या सखूला घरच्यांनी ओढत परत आणलं, खांबाला बांधलं. मग पांडुरंग बाईच्या रूपात आला, तिची दोरी सोडली, तिला पंढरीला पाठवलं आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतलं.

ही कथा मी कितीदा सांगितली असेल. पण भर नेहमी एकाच गोष्टीवर द्यायचे : सखूने किती सोसलं!

दोन वर्षांपूर्वी इथे न्यू जर्सीत आमच्या शनिवारच्या हरिपाठाला एक मुलगी यायची. नवीन लग्न, नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेला एच-फोर व्हिसा. एकदा प्रसादाची भांडी धुताना हळूच म्हणाली, "ताई, माझा पासपोर्ट त्याच्याकडे असतो. फोन रोज तपासतो. आईशी बोलायचं तरी स्पीकरवर. मारत नाही हो तसा. फक्त म्हणतो, जास्त बोललीस तर इंडियाला परत पाठवीन."

मी काय म्हणाले? "धीर धर, नाम घे. विठ्ठल सगळं बघतोय."

पुढच्या शनिवारपासून ती आलीच नाही.

आज वाचताना चटका बसला. पांडुरंगाने सखूला सोसायचा उपदेश केलाच नाही. सासूची समजूत काढत बसला नाही. त्याने आधी दोरी सोडली. उपदेश केला तो मी! अंगावर वळ नव्हते, म्हणून मला दोरी दिसलीच नाही. पासपोर्टची दोरी, व्हिसाची दोरी, 'लोक काय म्हणतील'ची दोरी. इंग्लंड-वेल्समध्ये तर अशा सततच्या धाकाला २०१५च्या कायद्याने गुन्हाच ठरवलंय.

आणि 'परत पाठवीन' म्हणणाऱ्याच्या हातात सगळं नसतं. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर १९९४च्या कायद्यामुळे छळ सोसणारी बायको त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करू शकते. एच-फोरवर असेल, तर छळाच्या कारणावरून स्वतःसाठी वर्क परमिट मागता येतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही, हे जास्त खरं.

ती बाहेर पडली, हे बऱ्याच महिन्यांनी कळलं. शेजारच्या गुजराती काकूंनी आपल्या फोनवरून 'मानवी'ला फोन लावून दिला होता. १९८५पासून न्यू जर्सीत आपल्याकडच्या बायकांसाठी काम करणारी ही संस्था. काकूंनी सखूची कथा ऐकली असेल की नाही, कोण जाणे. पांडुरंगाचं काम मात्र त्यांनी केलं.

म्हणून आजचा नेम. कुणी असं बोललं तर आधी ऐकायचं, विश्वास ठेवायचा. तिच्या फोनवर मेसेज टाकायचा नाही, तो वाचत असेल. नवऱ्याला जाब विचारायला जायचं नाही, राग तिच्यावरच निघतो. "तुला काय हवंय?" एवढं विचारायचं आणि आपला फोन पुढे करायचा. अमेरिकेत १-८००-७९९-७२३३, भारतात १८१. जिवावर बेतलं तर इथे थेट ९११.

नाम तर घ्यायचंच, माऊली. पण मुखात नाम असताना हात दोरीच्या गाठीवर हवेत.

राम कृष्ण हरी!