वासनिकाचे चित्त

महानुभाव पंथात घर न सोडता धर्म आचरणाऱ्यास वासनिक म्हणतात. ज्याच्या ठायी परमेश्वरधर्माची वासना आहे तो वासनिक, हा त्या नावाचा सरळ अर्थ होय. शेत, घरदार, मुलेबाळे हे सारे त्याच्यापाशी असतेच. परंतु त्याची ओळख त्यांवरून नव्हे, तर त्याची ओढ कोणीकडे आहे यावरून ठरते. तेव्हा ही ओढ खरी आहे, हे जाणावे कशावरून, असा प्रश्न उद्भवतो.

मनुष्यास काय हवे, हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही. चित्त मोकळे सुटले असता कोठे जाऊन बसते, यावरून कळते. कापूस वेचणीस आला की खानदेशातील शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे आणि भावाकडे लागते. ते लागलेच पाहिजे. त्यात दोष नाही. परंतु कामात लक्ष घालणे निराळे आणि काम आटोपल्यावरही चित्ताने तेथेच घुटमळणे निराळे. सायंकाळी स्मरणास बसल्यावर मुखी नाम आणि मनात बाजार असेल, तर ती वासना कोणाची म्हणावी?

येथे कोणी म्हणेल की, मनच आवरत नाही, तेथे जीवाने काय करावे? जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते; पण मनास त्यांनी पिकात शिरणाऱ्या ओढाळ जनावराची उपमा दिली. ही उपमा साधकाने पुढे न्यावी. जनावर परत येते म्हणून शेतकरी राखण सोडीत नाही. ज्यास पीक प्रिय, तो दहादा उठतो. मन भटकणे हा जीवाचा स्वभाव. ते परत आणणे हा त्याच्या वासनेचा पुरावा होय.

असा पुरावा लौकिक विद्येतही दिसतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुने कागद मिळविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचे खंड प्रसिद्ध केले. १९२६ साली धुळ्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच नगरीत आहे. महानुभावांच्या पोथ्या ज्या सकळ लिपीत दडल्या होत्या, ती त्यांनीच उलगडून दाखविली. ते पंथाचे अनुयायी नव्हते. परंतु अक्षरांत चित्त घातले, म्हणून अक्षरे उघडली. आणि ज्यांच्या घरी ती पोथी वडिलांपासून वस्त्रात बांधलेली आहे, त्यांचे काय? पोथी घरी असणे म्हणजे चित्त पोथीत असणे नव्हे.

तथापि एक भेद ध्यानी ठेवावा. कापसात घातलेले लक्ष कापसाचे फळ देते, लिपीत घातलेले लिपीचे. देवतांची उपासना करणाऱ्यास देवतांचे फळ मिळते, आणि ते भोगून सरते. लक्ष फळ देते. कोणते फळ हितकारक, हे मात्र ते सांगत नाही. तो विवेक आधी करावा लागतो. शिवाय परमेश्वर हा स्मरणाच्या मोलाने विकत मिळणारा नव्हे. त्याची कृपा त्याच्या स्वाधीन; जीवाच्या हाती केवळ आपली योग्यता.

म्हणून वासनिकाने दिवसाअखेर इतकेच तपासावे: नाम, मूर्ती, लीला, चेष्टा यांकडे आज मन किती वेळा परत आणले? किती वेळा भटकले, ही मोजणी व्यर्थ आहे.