थिऑसफी आणि प्राचीन धर्मांचें मूळ

“सर्व धर्मांचें मूळ एकच आहे, मग धर्म बदलण्याचा खटाटोप कशाला?” हा प्रश्न आमच्या उपदेशक बंधूंस चावडीवर, आठवड्याच्या बाजारांत व शाळेच्या ओट्यावर वारंवार ऐकावा लागतो. हा विचार हल्लीं दिसतो त्या रूपानें आपल्या देशांत पसरविण्यास एका संस्थेनें पुष्कळ श्रम केले, हें विचारणारास बहुधा ठाऊक नसतें. ती संस्था म्हणजे थिऑसफिकल सोसायटी. तिच्या मतास मराठींत ब्रह्मविद्या असेंही म्हणतात. सबब तिचें म्हणणें काय आहे व तें कितपत टिकतें, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही संस्था १८७५ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं स्थापन झाली. मूळच्या रशियन मॅडम ब्लाव्हाट्स्की, अमेरिकन कर्नल ऑल्कॉट व जज्ज नांवाचे वकील हे तिचे मुख्य संस्थापक. १८७९ च्या फेब्रुवारींत ब्लाव्हाट्स्कीबाई व ऑल्कॉटसाहेब मुंबईस उतरले, आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासेजवळ अड्यार येथें जाईपर्यंत संस्थेचें मुख्य ठाणें मुंबईंतच होतें. ‘थिऑसफिस्ट’ हें तिचें मासिक प्रथम मुंबईसच निघालें. जातिभेदाविरुद्ध ‘जातिभेद विवेकसार’ लिहिणारे तुकाराम तात्या पडवळ यांच्यासारखे मराठी गृहस्थ तीस मिळाले. तेव्हां ही गोष्ट आपल्या दारापासून दूरची आहे असें कोणी समजूं नये.

तिचें म्हणणें थोडक्यांत असें: अति प्राचीन काळीं एक गुप्त विद्या होती व तिचे जाणते महात्मे अजून आहेत, वेद, बुद्धाचा उपदेश, मिसर देशाचीं रहस्यें, ग्रीकांचें तत्त्वज्ञान, यहूद्यांचा कबाला व ख्रिस्ताची शिकवण या सर्व त्या एका विद्येच्याच शाखा होत.

यांत खरें कांहींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. थिऑसफी या ग्रीक शब्दाचा अर्थ देवाविषयींचें ज्ञान असा असून तो शब्द या संस्थेहून फार जुना आहे. जर्मनींत याकोब बोहमे नांवाचा एक गृहस्थ होऊन गेला. तो १६२४ सालीं वारला. जोडे शिवून पोट भरणारा हा मनुष्य प्रॉटेस्टंट मंडळींतलाच होता, आणि देवाविषयींच्या त्याच्या गूढ लेखनास लोक थिऑसफी म्हणत. (आमच्यांतील ज्या बंधूंचा तोच धंदा आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.) त्याच्याही पूर्वी, तिसऱ्या शतकांत, प्लोटिनस व त्याचे अनुयायी एकापासून सर्व निघालें व एकांतच परत जावयाचें असें शिकवीत. ब्लाव्हाट्स्कीबाईंनीं या धाग्यांचा उपयोग केला, हें उघड आहे. चोरी करूं नये, खोटें बोलूं नये, दुबळ्यावर दया करावी, हें पुष्कळ धर्म सांगतात, हेंही कोणी नाकारीत नाहीं.

परंतु एका गांवच्या विहिरीचें पाणी व दुसऱ्या गांवच्या विहिरीचें पाणी दोन्ही गोड लागलीं, एवढ्यावरून तीं एकाच तळ्यांतून आलीं असें सिद्ध होत नाहीं. मधला झरा दाखवावा लागतो. तो झरा कोठें आहे? बाईंचा ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’ हा ग्रंथ १८८८ सालीं निघाला. तो ‘झ्यान’ नांवाच्या एका अति प्राचीन पोथीवर रचला आहे असें त्या सांगतात. ती पोथी कोणत्याही ग्रंथालयांत मिळालेली नाहीं, व ती ज्या सेन्झार भाषेंत आहे म्हणतात ती भाषा कोणाही भाषापंडितास ठाऊक नाहीं. जी साक्ष तपासतां येत नाहीं ती साक्षच नव्हे. पौलाचा उपदेश ऐकून बिरुयाचे लोक रोज शास्त्र उघडून पाहत. येथें उघडून पाहण्यास शास्त्रच नाहीं.

शिवाय ही प्राचीन विद्या थोड्याच वर्षांत बदलली. १८७७ च्या ‘आयसिस अनव्हेल्ड’ ग्रंथांत मनुष्याचा पुनर्जन्म हा नियम नसून अपवाद आहे असें बाई लिहितात. अकरा वर्षांनंतरच्या ग्रंथांत तोच सर्वांस लागू असा नियम झाला. मध्यें हिंदुस्थानाचा प्रवास व मुक्काम झाला होता. दोन्ही वचनांचा मेळ घालण्याचा यत्न त्यांच्या अनुयायांनीं केला आहे. पण साध्या वाचकास जें दिसतें तें हेंच कीं, हल्लींच्या माणसांनीं निरनिराळ्या ठिकाणांहून वेंचून एक नवें मत रचलें व त्यास जुनें नांव दिलें.

सर्व धर्म एक असें म्हटलें म्हणजे कोणाचा मान राहतो, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस उलट वाटतें. वेदान्ती नित्य आत्मा मानतो. बुद्ध तसा आत्मा नाहीं म्हणतो. मुसलमान व यहूदी जग निर्माण करणाऱ्या एका देवास शरण जातो. या सर्वांस एक ठरवावयाचें तर प्रत्येकास सांगावें लागतें कीं, बाबा, तुझ्या धर्माचा खरा अर्थ तुला ठाऊक नाहीं, तो आमच्यापाशीं आहे. स्वामी दयानंदांचीच गोष्ट पाहावी. १८७८ सालीं या संस्थेनें समुद्रापलीकडून आर्यसमाजाशीं जोड केली. गांठीभेटी झाल्यावर स्वामींस दिसून आलें कीं, आपण ज्या ईश्वरास भजतों त्यास हे लोक मानीत नाहींत. मध्यंतरीं १८८० सालीं बाई व कर्नल यांनीं सिंहलद्वीपांत गॉल येथें बौद्धांचें पंचशील घेतलें. १८८२ सालीं स्वामींनीं संबंध तोडला. दूरून एक दिसणाऱ्या वस्तु जवळ गेल्यावर दोन निघाल्या.

येथें एक गोष्ट न्यायासाठीं सांगितली पाहिजे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकानें १८८४ सालीं बाईंचीं म्हणून कांहीं पत्रें छापलीं व महात्म्यांचे चमत्कार ही लबाडी होय असा आरोप केला. पुढील वर्षी लंडनच्या मानसशोधन संस्थेतर्फे हॉजसन यांनीं बाईंस ठक ठरविलें. मिशनरी लोक हीच गोष्ट पुढें करीत आले. परंतु १९८६ सालीं त्याच संस्थेचे सभासद व लेखपरीक्षक व्हर्नन हॅरिसन यांनीं हॉजसनचा लेख एकतर्फी असून आरोप सिद्ध होत नाहीं असें दाखविलें. तेव्हां हा आरोप आमच्या उपदेशकांनीं बाजारांत सांगूं नये. खोटी साक्ष मेलेल्या माणसाविरुद्धही देतां येत नाहीं. मत खोडावयाचें तें मतावरच खोडावें.

आणि मताची खरी परीक्षा पोथ्यांत होत नाहीं. वंश, धर्म, जात, वर्ण व स्त्रीपुरुषभेद न पाळतां सर्व मनुष्यांचें बंधुत्व, हा या संस्थेचा पहिला उद्देश. ऑल्कॉटसाहेबांनीं १८९४ सालीं अड्यारनजीक पंचमांच्या मुलांसाठीं मोफत शाळा काढली, हें त्यांस भूषणास्पद आहे. पण त्यांच्यामागून संस्थेच्या अध्यक्ष झालेल्या ॲनी बेझंटबाईंनीं १९०९ सालीं ‘इंडियन रिव्ह्यू’ मासिकांत काय लिहिलें? दलित वर्गाच्या मुलांस शिकवावें हें त्यांस मान्य होतें. मात्र त्यांचीं शरीरें उच्च वर्णाच्या मुलांशेजारीं वर्गांत बसण्याजोगीं होण्यास शुद्ध आहाराच्या कांहीं पिढ्या जाव्या लागतील असें त्या म्हणतात. डॉक्टर आंबेडकरांनीं आपल्या १९४५ च्या ग्रंथांत या लेखाचा लांब उतारा दिला आहे. जन्म ही मागल्या कर्माची मिळकत मानली म्हणजे बंधुत्वाच्या ओसरीवरही असा उंबरठा सहज उभा राहतो, असें आमचें मत आहे.

तेव्हां चावडीवर पुन्हा तो प्रश्न निघाला, तर उपदेशकानें शांतपणें विचारावें: मूळ एकच, तर आपल्या गांवांत पाणवठे दोन कां होते? विचारणारा शहाणा असेल तर तो उलट विचारील कीं, तुमच्या मंडळींत निरनिराळ्या जातींतून आलेल्या घराण्यांच्या सोयरिकी होतात काय? त्याचें उत्तर आमच्या उपदेशकांस ठाऊक आहे.