शेजारच्या जिल्ह्यातला कान

"हिंगोलीत कृष्णविवरांचं यंत्र बसवायला २,६०० कोटी, आणि कापूसवाल्याला काय?" औंढा नागनाथच्या लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. मी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातला. मला तो हसून उडवता येत नाही.

आधी यंत्राचं काम समजून घेऊ. आइनस्टाइनने १९१५ मध्ये मांडलं, की गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढणारा अदृश्य दोर नव्हे. वस्तुमानामुळे अवकाश-काळच वाकतो. कृष्णविवरापाशी तो इतका वाकतो, की आत गेलेला प्रकाशही बाहेर येत नाही. अशी दोन विवरं एकमेकांभोवती फिरत धडकली, की अवकाशात लहरी उठतात. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी अशी लहर पहिल्यांदा टिपली. टक्कर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूरची. यंत्राच्या चार किलोमीटर लांब भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

एवढी बारीक खूण गोंगाटातून ओळखायची कशी? पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधरांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. तत्त्व साधं आहे: लहर कशी दिसेल ते आधी गणिताने काढायचं, मग तोच आकार नोंदींत शोधायचा. आकार ठाऊक नसेल, तर सगळा गोंगाटच.

आता पैशाचं बघा. २००६ मध्ये यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. आत्महत्या थांबल्या नाहीत. म्हणजे यंत्र रद्द केलं की शेतकरी वाचेल, हे गणित काही जुळत नाही.

पण म्हणून आपली सुटका होत नाही. दुबार पेरणी, थकलेलं पीककर्ज, सावकाराकडच्या फेऱ्या, विकलेली बैलजोडी, बाजाराला येणं बंद. या खुणांनाही आकार असतो. तो ज्याला ठाऊक आहे, त्याला माणूस जिवंत असतानाच ऐकू येतं. सरकारी कागदावर मात्र तो मेल्यानंतर येतो, 'पात्र' किंवा 'अपात्र' म्हणून.

माझं उत्तर असं: यंत्र व्हावं. कुतूहल फक्त पोट भरलेल्यांचं, असं म्हणणं हा आमच्या पोरांवर आणखी एक अन्याय ठरेल. पण १३० कोटी वर्षांपूर्वीची टक्कर ऐकायला जो समाज इतका धीर धरतो, त्याला शेजारच्या घरातलं ऐकू आलं नाही, ही सबब यापुढे सांगता येणार नाही.