चेहरा मागे ठेवून

नूरजहाँ म्हटलं की आपल्याकडच्या दर्दी मंडळींची आठवण 1947 ला येऊन थांबते. 'अनमोल घडी', 'जुगनू', फाळणी. ती लाहोरला निघून गेली आणि इथे लताबाईंना मैदान मोकळं झालं. संपली गोष्ट. मला हा तिच्यावरचा मोठा अन्याय वाटतो. पुढे चार दशकांहून अधिक काळ ती गात होती, आणि तिच्या कारकिर्दीतला खरा अवघड भाग तिथेच आहे.

कसूरची ही मुलगी कलकत्त्यात 'बेबी नूरजहाँ' म्हणून पडद्यावर आली आणि कॅमेऱ्यासमोरच वाढली. 1942 च्या 'खानदान'ने तिला नायिका केलं, संगीत गुलाम हैदर यांचं. मुंबईत मास्टर विनायकांच्या 'बडी माँ'मध्ये (1945) चाली आपल्या दत्ता कोरगावकरांच्या होत्या, आणि त्याच चित्रपटात एका छोट्या भूमिकेत लताबाई होत्या. लताबाईंना अभिनय मनापासून नकोसा होता. पुढे त्यांनी तो सोडला आणि जगाला दिला तो फक्त आवाज. नूरजहाँकडे प्रेक्षक दोन्हीसाठी यायचे. गाणारी नटी म्हणजे गळा आणि चेहरा एकाच तिकिटात, असा तो काळ होता.

पार्श्वगायनाने ही जोडी फोडली. अनेक गाणाऱ्या नट्या त्या फुटीत मागे पडल्या. 'अनमोल घडी'त नूरजहाँसोबत असलेल्या सुरैयाचंच बघा. सुरैयाने 1954 मध्ये 'मिर्झा ग़ालिब' केला. योगायोग असा की नूरजहाँची नायिका म्हणून शेवटची मोठी भूमिकाही त्याच कवीवरच्या, पाकिस्तानातल्या 1961 च्या 'ग़ालिब'मधली. पण सुरैया 1963 च्या 'रुस्तम सोहराब'नंतर पडद्यावरून बाजूला झाली, आणि तिचं गाणंही तिच्याबरोबरच गेलं. लहानपणी तिने दुसऱ्या नटीसाठी आवाज दिलेला होता, पण पुढे तो आवाज तिच्याच चेहऱ्याचा होऊन बसला. त्यात तिचा काही दोष नाही. ज्या चेहऱ्यावर लोकांनी जीव टाकला तो बाजूला ठेवून, कालच्या पोरीसाठी माइकपुढे उभं राहायचं, हे सोपं नसतं.

नूरजहाँ उभी राहिली. वय वाढत होतं, संसार होता, सहा मुलं होती. 'चनवे'च्या (1951) दिग्दर्शनात जिचं नाव लागलं, ती आता दुसऱ्यांच्या ओठांसाठी गाऊ लागली.

1962 च्या 'क़ैदी'मधली उर्दू कवी फ़ैज़ यांची नज़्म ऐकावी. संगीत रशीद अत्रे यांचं, पडद्यावर शमीम आरा. सुरुवातीला नूरजहाँ जवळजवळ बोलतेच. प्रियकराला समजावावं तशी, हरकती राखून. मग कवितेत प्रेमाच्या पलीकडचं जग येतं, बाजारात विकली जाणारी शरीरं येतात, आणि तिचा आवाज जड होतो. हुंदका नाही, नाटकी कंप नाही. शब्दाला जेवढं वजन हवं तेवढंच ती देते. फ़ैज़ ही नज़्म आता नूरजहाँचीच म्हणत, असं सांगतात. माझ्या मते हा नटीचा गळा आहे. तिने अभिनय सोडला नव्हता. तो सगळा गळ्यात उतरला होता. 1970 च्या 'हीर रांझा'तही ख़ुर्शीद अन्वर यांच्या चालींवर हीर झालेल्या फिरदौससाठी गाताना ती स्वतः कुठे पुढे येत नाही, हीरच पुढे येते.

मग तिथला चित्रपटच बदलला. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानची बाजारपेठ गेली, उर्दू चित्रपटाला उतरती कळा लागली, आणि 1979 च्या 'मौला जट'नंतर गंडासा, म्हणजे लांब दांड्याची कुऱ्हाड, घेतलेल्या पंजाबी नायकांचा जमाना आला. 'शेर ख़ान'सारख्या (1981) चित्रपटांत शेतात नाचणाऱ्या अंजुमनसाठी नूरजहाँ मोकळ्या, ठणठणीत गळ्याने गायली. शब्द कधी उथळ होते, क्वचित बीभत्सही. रसिकांनी नाकं मुरडली. मला ती गाणी सगळीच आवडतात असं नाही, पण त्यांना तिचं अध:पतन म्हणायला मी तयार नाही. पंजाबी ही तिची मायबोली, खुलं गाणं तिच्या मातीतलं. पन्नाशी उलटल्यावर आवाज जाडावला, तर तो जाडपणा लपवण्याऐवजी तिने त्यालाच कामाला लावलं.

1982 मध्ये ती मुंबईला आली तेव्हा लोकांना 'अनमोल घडी'तलंच गाणं हवं होतं, आणि तिने ते गायलं. त्याच सुमारास लाहोरच्या स्टुडिओंत तिच्या नव्या पंजाबी गाण्यांची ध्वनिमुद्रणं चालू होती. 2000 च्या डिसेंबरात ती गेली, तेव्हाही आपल्याकडच्या आठवणी पुन्हा 'जुगनू'पाशीच घुटमळल्या. 'क़ैदी'चा उल्लेख फार थोड्यांनी केला असेल. अंजुमनच्या गाण्यांचा तर नाहीच.